बदकं पाळायला शिकवता, मग कापायलाही शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातल्या कोंबड्या-बदकांवर आपल्या पेपरात अधूनमधून येतं ते मी आवडीने वाचते. पिल्लं कुठली घ्यायची, खाद्य किती, लस कधी, अंडी किती मिळतील, सगळं असतं. पण तीच बदकं घरात खायची झाली तर कापायची कशी, हे कोणीच सांगत नाही. मागच्या नाताळात आम्ही पहिल्यांदा घरी बदकं कापली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आम्ही वसईचे. आमच्या वाडीत अजून बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, आहे, बुजवलेलं नाही. पूर्वी अशा बावखलांवर रहाट असायचे, त्या पाण्यावर केळीच्या बागा व्हायच्या नि पाण्यात बदकं असायची, आणि नाताळात बाटली मसाल्यातलं (बाटलीत भरून ठेवतात तो घरगुती मसाला) बदक शिजायचं. मग बावखलं बुजत गेली, इमारती आल्या, बदकं गेली आणि ती नीट कापू शकणारे हातपण गेले. आमच्याकडे आता फक्त माझी मावशी उरलीय, वय ७८.

आमच्याकडे नऊ बदकं होती त्यात पाच नर निघाले. शेपटीवरचं पीस वर वळलेलं नि आवाज घोगरा म्हणजे नर, एवढं आम्हाला कळत होतं. चार माद्यांवर पाच नर म्हणजे माद्यांचे हालच, मानेवरची पिसं उपटून कातडी दिसायला लागली होती. खरंतर पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. म्हणून तीन नर कापायचे ठरले. नाक्यावरच्या चिकनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला बदकाची पिसं माझ्या मशीनमध्ये निघत नाहीत, मी घेत नाही. मग घरीच करायचं ठरलं.

मावशीने खुर्ची टाकली नि एकेक सांगत गेली. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालू. धरताना पायाला धरून उचलायचं नाही, बदकाचे पाय नाजूक असतात, पंख अंगाशी दाबून कुशीत घ्यायचं आणि बाकीच्यांपासून लांब न्यायचं. तेलाचा पाच लिटरचा कॅन तळाशी कापून उलटा टांगला होता, त्यात बदक उलटं घातलं की मान खाली येते, पंख फडफडत नाहीत नि ते शांत होतं. हे सगळं नीट झालं. पण सुरीला धार कमी होती. पहिल्या बदकाला माझा वार उथळ गेला आणि दुसऱ्यांदा सुरी लावावी लागली. ते काही सेकंद मला अजून आठवतात, त्या जिवाला तेवढा त्रास माझ्या न शिकण्यामुळे झाला. मावशी ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आधी सुरी पाजळ, मग दुसऱ्याला हात लाव." पुढच्या दोघांना गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच वारात कापल्या गेल्या, दोन-तीन मिनिटांत रक्त पूर्ण गेलं.

पिसांचं काम मात्र कोंबडीपेक्षा फारच वेगळं. बदकाच्या पिसांना तेल असतं, पाणी आत शिरतच नाही. उकळतं पाणी घेतलं तर कातडी शिजून फाटते, म्हणून साधारण ६५ अंशाचं पाणी, त्यात भांड्याचा साबण थोडासा, आणि दोन-तीन मिनिटं हलवत बुडवून ठेवायचं. तरीही एका बदकाला आम्हाला तासभर लागला. एकाला तर नवी पिसं फुटत होती, त्या बारीक काड्या चिमट्याने एकेक काढल्या. मावशी म्हणाली छातीची पिसं आधी फुंकून बघायची, आत काड्या दिसल्या तर ते बदक थोडे दिवस ठेवायचं. शेपटीवरची पिवळी तेलाची गाठ काढायची नाहीतर रश्श्याला वास येतो, पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, कलेजी-पेटा वेगळा ठेवायचा. आणि लगेच शिजवायचं नाही, एक दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणजे मांस सैल होतं.

आतडी-पिसं आम्ही खड्ड्यात चुना टाकून पुरली. काही जण हे सरळ बावखलात टाकतात ते बघून फार वाईट वाटतं, आजूबाजूच्या विहिरींना त्याच बावखलाचा आधार असतो. दुसरी गोष्ट बर्ड फ्लूची. २००६ मध्ये नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला आणि २०२२ मध्ये आमच्या वसई-विरारपर्यंत आला होता. बदकाच्या अंगात तो विषाणू असूनही ते ठणठणीत दिसू शकतं. तेव्हा मरतुकडं किंवा मेलेलं बदक घरी कापूच नये, जनावरांच्या डॉक्टरांना कळवावं, आणि चांगलं बदक कापतानाही ग्लोव्ह्ज-मास्क लावावेत. हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पिल्लं देताना जे ट्रेनिंग होतं तिथे मी दोन दिवस बसले होते. चुना, लस, पिंजरा सगळं झालं, कापण्याचा विषय निघाला की सांगणारे पुढे सरकले. माझी मागणी एवढीच आहे की त्यात अर्धा दिवस हे पण दाखवा, डॉक्टर समोर उभे राहून, धारदार सुरी हातात देऊन. गावात मावशीसारखी म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही बोलवा. पाळणारा माणूस कधीतरी कापणारच आहे.

आमची एक मादी आता अंड्यांवर बसलीय, २८ दिवसांनी पिल्लं निघतील नि त्यातली निम्मी तरी नर असणार. नाताळाच्या आधी आपण या विषयावर कुणा जाणकाराकडून पानभर लिहून घेतलंत तर आमच्यासारख्या बऱ्याच घरांना उपयोग होईल.

आपली एक वाचक,
वसई