बाबा, एफडी मोडू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा आईचा फोन आला तेव्हा ती देवघरातून हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "यांनी एफडीच्या पावत्या पलंगावर मांडल्यात, कुठली मोडायची ते बघतायत." बाबा, मोडू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. फोनवर तुम्ही "सरकारचे पैसे ठेवून कसं चालेल" एवढंच म्हणून विषय बंद करता, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या कार्यालयाचं पत्र आईने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तीनदा वाचलं. वेतननिश्चिती चुकली, 2 लाख 86 हजार 430 रुपये अतिप्रदान झालं, म्हणजे पगारात जास्त दिले गेले, महिन्याभरात चलनाने भरा, नाहीतर निवृत्तिवेतनातून हप्ते कापू. पण कुठल्या साली कुठली वेतनवाढ चुकली, याचा तक्ता जोडलेलाच नाही. ती वेतननिश्चिती तुम्ही केली नव्हती, आस्थापना शाखेने केली होती. तुम्ही खोटा दाखला दिला नाही, काही लपवलं नाही. आई म्हणते, पत्र आल्यापासून तुम्ही संध्याकाळी पारावरही जात नाही. बाबा, जा हो.

18 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सांगितलं, की कर्मचाऱ्याने फसवणूक केली नसताना चुकून जास्त पगार गेला, तर काही परिस्थितींत तो परत मागता येत नाही. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून नाही. निवृत्त झालेल्यांकडून, किंवा वर्षभरात निवृत्त होणार असतील त्यांच्याकडून नाही. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ ते पैसे मिळत आले असतील, तरी नाही. तुम्ही वरिष्ठ लिपिक होतात आणि निवृत्तीला दोन वर्षं झाली. पहिल्या दोन्ही गोष्टी तुम्हाला लागू पडतात.

दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्ही ती विचारणारच. 2022 मध्ये केरळच्या एका निवृत्त शिक्षकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नाही, त्याला हालअपेष्टा होऊ नयेत म्हणून आहे. जास्त पैसे येतायत हे त्याला माहीत होतं, किंवा चूक लगेच लक्षात आली होती, असं असेल तर ती मिळेलच असं नाही. शिवाय मागची वसुली थांबली तरी चुकलेली वेतननिश्चिती दुरुस्त करायला सरकार मोकळं असतं. म्हणजे पुढे निवृत्तिवेतन थोडं कमी होऊ शकतं. आई, त्याची मनाची तयारी तूही ठेव.

आणि एक नीट आठवून सांगा. वेतन आयोग लागू झाले तेव्हा "जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन" अशा वचनपत्रावर सही केली होती का? 2016 च्या जगदेव सिंग खटल्यात अशा सहीमुळेच निवृत्तीनंतरची वसुली कायम राहिली. ते गृहस्थ न्यायिक सेवेतले अधिकारी होते, तुमच्यासारखे वर्ग तीनचे नव्हते. हा फरक मांडता येतो. पण वकिलापासून ती सही लपवून चालणार नाही.

आता काय करायचं ते. महिन्याची मुदत संपायच्या आत कार्यालयप्रमुखांच्या नावे निवेदन द्यायचं: हिशोबाचा तक्ता द्या, माझं म्हणणं ऐका, तोवर वसुली थांबवा, आणि रफीक मसीह निकालानुसार ती रद्द करा. सेवापुस्तकाची आणि मूळ वेतननिश्चितीची प्रत माहिती अधिकारात मागू. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. तरीही कापायला लागले तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं, आपल्याला त्याचं मुंबईचं पीठ. अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि निकाल लागेपर्यंत स्थगिती मागता येते. निवेदन मी लिहून आणते, पण ते आवक शाखेत तुम्हीच न्या. "पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका," हे येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला तुम्हीच सांगायचात. मी आठवीत असताना तुमच्या टेबलाशेजारी बसून ते ऐकलंय. एका आजोबांच्या अर्जावर तुम्ही स्वतः शिक्का मारून आवक क्रमांक घातला होता, आणि त्यांनी तो कागद धोतराच्या सोग्यात बांधून नेला होता. आता तसाच शिक्का आपल्या प्रतीवर घ्या.

हे सगळं करूनही हरलो, तर हप्ते पाडून मागू आणि भरू. तो भार तुमच्या एकट्यावर नाही, मी आहे. पण विचारल्याशिवाय भरायचं नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीने येते. माळ्यावरच्या ट्रंकेत सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आणि जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा आहे, तो खाली काढून ठेवा. तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. आई, त्या पावत्या पलंगावरून उचल आणि कपाटात ठेव. किल्ली तुझ्याजवळ असू दे.

तुमची,
ताई