बाबा, या खेपेला फक्त सकाळी

दिल्ली, ९ जानेवारी

ती. बाबांस आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर मी तुम्हाला फेब्रुवारीत दिल्लीला या म्हटलं, तर बाबा म्हणाले, "पाहू ना, बहार फुटू दे एकडाव," आणि फोन ठेवला. तुमचं "पाहू ना" म्हणजे "नाही", हे मला तिसरीत असल्यापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. बागेतल्या वाऱ्यात फोन नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर दादा स्वतःच वाचून "या म्हणते" एवढंच सांगेल. कागद खिशात राहतो. चष्मा लावून दोनदा वाचता येतो.

आधी मागच्या वेळचं बोलून घेते, कारण ते कोणीच बोललं नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा मला सुटी मिळाली नाही, म्हणून मी तुम्हाला एका टूरवाल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. एका दिवसात नऊ ठिकाणं. स्वस्तात झालं म्हणून मी खूशही होते. संध्याकाळी घ्यायला आले तर बाबा फुटपाथच्या कडेला एक चप्पल काढून बसलेले, पाण्याची थंड बाटली गुडघ्यावर फिरवत. आणि आई, तुझ्या पिशवीतली बाटली सकाळी मी भरून दिली तशीच गच्च भरलेली. विचारलं तर कानाशी येऊन म्हणालीस, "पाणी पेलं का मंग जा लागते ना, अन् कुठं जावं तेच समजत नाही." सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तू घोटभर पाणी घेतलं नव्हतंस. गावी परतल्यावर सगळ्यांना बाबांनी काय सांगितलं, तर "दिल्ली लय मोठी हाय." तेवढंच. दादानं हसत हसत मला सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

तर या खेपेला माझा बेत असा: एका सकाळी एक ठिकाण. साडेसहाला घरातून निघायचं, साडेदहाच्या आसपास परत. मग जेवण, आईची बीपीची गोळी, झोप. दुपार सगळी गुड्डीची, ती आतापासून आजीला पत्ते शिकवायचं म्हणते आहे. तुम्ही दोघं तसेही चारला उठता. बाबांचं ध्यान आणि पहिला चहा होईस्तोवर ही दिल्ली कूससुद्धा बदलत नाही. नकाशात पाहिलं तर आपलं मोर्शी दिल्लीच्या जवळजवळ सरळ खाली येतं. फेब्रुवारीत इथे सूर्य आपल्यापेक्षा फार तर पंधरा मिनिटं उशिरा निघतो. तुमच्या घड्याळात काही बदल करायचा नाही.

फेब्रुवारीच का, तर दिवाळीच्या सुमारास पंजाब-हरियाणात धानाची धसकटं जाळतात, वारा पडलेला असतो, आणि तो धूर इथे येऊन बसतो. बाबांच्या खोकल्याला ते नकोच. डिसेंबर-जानेवारीत धुकं. आत्ता सकाळचे आठ वाजलेत आणि मला समोरच्या इमारतीचे दिवे तेवढे दिसताहेत, इमारत नाही. गाड्यासुद्धा तासन् तास उशिरा धावतात. तेव्हा महाशिवरात्रीची सालबर्डीची यात्रा करा, मग निघा, आणि होळीच्या आत परत जा. सकाळी स्वेटर लागेल, दहानंतर तो हातात घ्यावा लागेल, असे ते दिवस असतात.

बागेचं मला कळतं. संत्र्याला आंबिया बहारासाठी दिलेला पाण्याचा ताण तोडला की तुमचा जीव झाडाझाडापाशी अडकतो. पण ड्रिप बसवून दोन वर्षं झाली, बाबा. पंपाला रात्रीची लाइन असली तर दादा उठेल की! त्याला तुम्ही उठू देत नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिली सकाळ मेहरौलीची. कुतुबमिनार मागच्या वेळी पाहिला म्हणाल, पण पंचवीस मिनिटांत बसवाल्यानं शिट्टी मारली होती, ते काही पाहणं नव्हे. मिनार ७३ मीटर उंच. बाराव्या शतकाच्या अखेरीला कुतुबुद्दीन ऐबकानं सुरू केला, इल्तुतमिशानं वर चढवला, चौदाव्या शतकात वीज पडून माथा ढासळला तेव्हा फिरोजशहा तुघलकानं नीट केला. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ मध्ये चेंगराचेंगरीत ४५ जीव गेले, तेव्हापासून जिना बंद आहे. म्हणजे बाबांनी "जाऊन येतो वर" म्हणायची सोय नाही, आणि आम्हाला अडवायचीही गरज नाही.

मला तुम्हाला दाखवायचा आहे तो त्याच आवारातला लोखंडी खांब. सात मीटरच्या वर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षं ऊन-पावसात उभा, आणि गंज म्हणावा असा नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिलंय, त्यामुळे वर एक पातळ थर धरला आणि त्यानंच आतलं लोखंड राखलं. आपल्या विळ्याला एका पावसाळ्यात जंग चढतो, म्हणून बाबा तिथे बराच वेळ थांबतील असा माझा अंदाज आहे. आता कुंपण घातलंय. पूर्वी लोक पाठ टेकून मागून हातांची मिठी मारायचे. त्यावर चंद्र नावाच्या राजाचा लेख आहे. तो गुप्तांचा दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. खांब मूळचा दिल्लीचाही नाही, विदिशाजवळच्या उदयगिरीहून आणला असावा म्हणतात. तुमची गाडी भोपाळ सुटलं की विदिशावरूनच येईल.

आई, हे तुझ्यासाठी. या चंद्रगुप्ताची लेक प्रभावती आपल्या मुलखात सून होऊन आली होती, वाकाटकांच्या घरी. नवरा लवकर गेला, पोरं लहान, तर राज्य तिनं चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आपलं नगरधन. तिचा एक ताम्रपट तर रिद्धपूरच्या नावानंच ओळखला जातो. आपण मावशीकडे जाताना लागतं तेच रिद्धपूर! आणि तिच्या ताम्रपटांत वंशावळ दिली आहे ती माहेरची. तू मला म्हणतेस ना, "लग्नाले बारा वर्सं झाले, तुले अजून माहेराचंच कवतिक," तर पुढच्या वेळी मी तिचं नाव सांगणार आहे. त्या खांबापाशी मी एकटी दोनदा जाऊन आले. राज्य सांभाळणाऱ्या बाईचा बाप, आणि लेकीकडे यायला त्या काळी महिने लागत असतील. तुम्हाला एक रात्र लागते.

तिथून रिक्षानं थोडं गेलं की योगमायेचं देऊळ. एका सकाळी एकच ठिकाण म्हटलं खरं, पण देऊळ मी मोजत नाही. योगमाया म्हणजे कंसाच्या हातून निसटलेली ती मुलगी, कृष्णाची बहीण. म्हणजे आई, आपल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची नणंद झाली की नाही? तिची ओटी भरायला खण-नारळ तू गावाहूनच आण, इथे मनासारखा खण मिळत नाही.

दुसरी सकाळ हुमायूनच्या मकबऱ्याची. सूर्योदयाला उघडतो, तिकीट माणशी पन्नासच्या आत. मी मागच्या रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आले, ते बरंच झालं. मुख्य इमारत उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जायच्या पायऱ्या चांगल्याच उभ्या, एकेक पायरी आपल्या जुन्या वाड्याच्या माळवदावर जायच्या जिन्यासारखी. मी मधेच थांबून दम घेतला. बाबांनी त्या चढायच्या नाहीत, आत्ताच सांगून ठेवते. आत शिरल्याबरोबर उजवीकडे ईसाखानाची अठपैलू कबर आहे, १५४७ ची, मकबऱ्याच्याही आधीची. तिथे जमिनीलगत हिंडता येतं, गर्दी नसते, आणि समोरच्या बागेतून मोठा घुमट पूर्ण दिसतो. वर गेल्यावर तो दिसतच नाही, डोक्यावर असतो. आई आणि मी वर जाऊन येऊ.

हा मकबरा बांधून घेतला हुमायूनच्या विधवेनं, हाजी बेगमनं, ताजमहालाच्या कितीतरी आधी. हुमायून गेला कशानं, तर जुन्या किल्ल्यात पायऱ्या उतरताना पडून. बाबा, बादशहाचं असं झालं, तेव्हा तुम्ही आपल्या गुडघ्याचा आब राखा. शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८५७ मध्ये इथेच येऊन लपला आणि इथेच धरला गेला. पहिल्या पिढ्यांतल्याची कबर आणि शेवटच्याची अटक, एकाच कुंपणात.

तिसरी सकाळ पूर्ण बाबांची. मकबऱ्याला लागूनच 'सुंदर नर्सरी' नावाची जागा आहे. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवताना रस्त्यांवर कुठली झाडं लावायची ते ठरवायला इथे रोपं लावून पाहिली होती. आता नव्वद एकरांची बाग आहे, तीनशेहून जास्त जातींची झाडं. पाट्याही आहेत, पण बाबा पाटी न वाचता सांगतील आणि मी पाटी वाचून ताडून पाहीन. थर्मासमध्ये चहा, डब्यात चून-भाकर आणि ठेचा. बाकं जागोजागी आहेत. हिवाळा सरताना सकाळी लोक चटया घेऊन येतात, आपणही आपली सतरंजी नेऊ.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि साडेनवाला उघडतो, म्हणून आधी चांदणी चौक. तिथे गौरीशंकराचं देऊळ आहे, मराठा सरदार आपा गंगाधर यांनी १७६१ मध्ये बांधल्याचं सांगतात. नऊनंतर त्या रस्त्यावर मोटारगाड्या बंद, सायकलरिक्षाच चालतात. थंडीपुरती मिळते ती 'दौलत की चाट' खाऊ. चाट कसली, रात्रभर थंडीत ठेवून घुसळलेल्या दुधाचा गोड फेस; जिभेवर ठेवला की नाहीसा. आई म्हणेल, "पैसे देऊन हवाच खाल्ली."

किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं छत चांदीनं मढवलेलं होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी पैशाच्या तंगीत ती चांदी काढून वितळवली, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. शाळेत बाबांनी मला पानिपत सांगितलं होतं तेव्हा भाऊ उपाशी फौजेत कसे उभे होते तेच सांगितलं होतं. त्या छताखाली उभं राहिलं की उपासमार आधीपासून कशी लागली असेल ते कळतं. तिथे मात्र चालणं पुष्कळ आहे, आणि त्या दिवशी परतायला साडेदहाच्या पुढे जाईल. आपण सावकाश जाऊ, अर्ध्यातून परत फिरलो तरी चालेल.

आणखी एक सकाळ तीस जानेवारी मार्गावरची, बापूंना जिथे गोळी लागली ते घर. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवली आहेत. सेवाग्रामची कुटी तुम्ही मला पाचवीत दाखवलीत. त्यापुढचं मी दाखवते.

यमुनेचं आताच सांगते, आई. अंघोळ नाही, आणि बाटलीत भरून न्यायचंही नाही. पाण्यावर फेस असतो, तो दुधाचा नव्हे. पूल ओलांडताना हात जोड, तेवढं पुरे.

मोर्शीहून एसटीनं नागपूर. दोघांनाही अर्धं तिकीट लागेल, बाबांनी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावं. रेल्वेतली म्हाताऱ्यांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यावरून खिडकीवर वाद घालू नका. तिकीट मीच इथून काढते, थर्ड एसीत दोन्ही खालचे बर्थ. सामान कमी. तूरडाळ इथे मिळते, खरंच मिळते. सांडगे, जवसाची चटणी आणि मृगाच्या झाडावरची डझनभर संत्री चालतील.

लेकीच्या घरी आठ दिवस कसं राहायचं, हे बाबा बोलणार नाहीत, पण तेच मनात असेल. तुमच्या जावयांनी गॅलरीत बाबांसाठी आरामखुर्ची आणून ठेवली आहे. तिच्यावर सध्या गुड्डी कोणालाही बसू देत नाही.

दादाला सांगून मला तारीख कळवा. "पाहू ना" चालणार नाही, अठरा की वीस, तेवढं सांगा.

तुमची लाडकी
बेबी

ता. क. आई, या सगळ्या ठिकाणी बायकांचं बाथरूम कुठे आहे ते मी स्वतः पाहून आले आहे. कुतुबला तिकीटखिडकीपाशी विचारावं लागलं, म्हणून दोनदा गेले. तू पाणी पीत जा.