सावळाराम फक्त ‘गंगा जमुना’पुरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कवी-गीतकार पी. सावळाराम यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या ठाणे पुरवणीत आलेला लेख काल वाचला. लेखकाने मनापासून लिहिले आहे, त्याबद्दल आभार. पण दरवर्षी तेच! ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’, ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’, फार तर ‘धागा धागा अखंड विणूया’, की झाले. चित्रपटगीतांना अर्धी ओळ, आणि तिथेही ‘जेथे सागरा धरणी मिळते’च्या पुढे गाडी सरकत नाही. १९५९ च्या ‘शिकलेली बायको’मधले ‘आली हासत पहिली रात’ कुणालाच आठवू नये?

‘गंगा जमुना’ लिहून मुलीची पाठवणी करणाऱ्या आईच्या डोळ्यांत पाणी आणणारा कवी म्हणून आपण त्यांना हार घालतो. पण ती मुलगी सासरी पोहोचल्यावर तिच्या मनात काय उजळते, तेही याच माणसाने लिहिले. दोन्हीकडे चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. पहिल्या रात्रीचे गाणे, आणि त्यात ‘प्राणांची फुलवात’! देवघरातली वात त्यांनी थेट त्या खोलीत नेली. आमच्या सासरी दीड खोलीत सगळे बसलेले असताना रेडिओवर हे गाणे लागायचे. सासरे समोर असायचे, पण आवाज कमी करायला कुणी उठायचे नाही. हे साधणे सोपे नाही. सावळाराम म्हणजे फक्त रडू, हे ठरवले कुणी?

मागच्या वर्षी ठाण्यातच जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमात मी याच गाण्याची चिठ्ठी पाठवली. गायिकेने ते फार सुरेल गायले. पण त्याआधी निवेदकाने ठणकावून सांगितले, ‘गदिमांच्या लेखणीतून उतरलेले हे गीत...’ आणि सभागृहात टाळ्या! गदिमा थोरच, त्यांना दुसऱ्याचे गाणे कशाला चिकटवायचे? मध्यंतरात मी आत जाऊन सांगितले, तर उत्तर मिळाले, ‘काकू, गाणे छान झाले ना? मग कवी कुणी का असेना.’ उत्तरार्धात दुरुस्ती केली नाही ती नाहीच. ज्या शहराचे नगराध्यक्षपद या माणसाने भूषवले, जिथे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, तिथे ही तऱ्हा! त्या रात्री मला झोप लागली नाही. मोबाइलवर तरी काय वेगळे आहे? गायिकेचे नाव, खाली संगीतकाराचे, कवी गायब.

आणखी एक. पुरवणीची पहिली पाने घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या जाहिरातींनी भरलेली, आणि सावळारामांचा लेख आतल्या पानात, तळाशी, दोन कॉलमांत कोंबलेला. जाहिरातींवर वृत्तपत्र चालते हे कळते. पण वर्षातून एक दिवस ठाण्याच्या कवीला वरची जागा देता येणार नाही का?

४ जुलैला त्यांची जयंती असते. त्या दिवशी त्यांच्या चित्रपटगीतांवर सविस्तर लेख छापावा, ‘शिकलेली बायको’पासून सुरुवात करावी आणि प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव आधी द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे