सचिव कोणी व्हायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी गृहनिर्माण संस्थांनी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी असा नियम असल्याने ठाणे आणि नवी मुंबईत हे दिवस सभांचे असतात. वर्तकनगर येथील आमच्या संस्थेची सभाही नुकतीच झाली. इमारतीखालच्या गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या, गणसंख्येसाठी अर्धा तास वाट पाहिली आणि अखेर उपविधींतील तरतुदीप्रमाणे तहकूब सभा आहे त्या उपस्थितीत सुरू केली. समितीची पाच वर्षांची मुदत संपत असल्याने येत्या निवडणुकीस कोण उभे राहणार, अशी विचारणा मी केली. कोणीही बोलले नाही. थोड्या वेळाने एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तुम्हीच राहा ना. तुम्ही आहात म्हणून तर चाललंय सगळं."

मी सलग अकरा वर्षे सचिव आहे आणि अशा वाक्याने मला पूर्वी समाधान वाटत असे. या वेळी मात्र खंत वाटली. तरुणांना सार्वजनिक कामात रस नाही, हे आपण सर्रास बोलतो आणि मीही बोलत आलो. परंतु पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, लिफ्टच्या कंत्राटदाराचा क्रमांक माझ्या फोनमध्ये आणि अकरा वर्षांची इतिवृत्ते माझ्याच अक्षरात असतील, तर दुसऱ्या कोणाला काही शिकण्याची संधी मिळाली तरी कुठे?

हे ध्यानात येण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. गेल्या मे महिन्यात मी गावी असताना जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला गेला आणि नंतरचे तीन दिवस पाणी अत्यंत कमी दाबाने येत होते. टँकर मागवावे लागले. दुसऱ्या मजल्यावरील, ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका मुलीने हे काम आपण होऊन अंगावर घेतले. कोणत्या विंगला किती वाजता पाणी सोडणार, हे तिने सूचनाफलकावर लिहिले. नुसते "कोणीतरी मदत करा" असे न म्हणता तिने दोन मुलांना नावाने हाक मारून चौथ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे बादल्या पोहोचवण्याचे काम नेमून दिले. पहिल्या दिवशी ए विंगला जास्त वेळ पाणी गेले आणि वाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर तिच्या अक्षरात ओळ होती: "काल वेळेचा हिशेब माझ्याकडून चुकला, आज आधी बी विंग." वाद तिथेच मिटला. मी परतल्यावर तिने मला वहीचा एक कागद आणून दिला. त्यावर टँकरचे क्रमांक, आल्याच्या वेळा आणि दिलेली रक्कम लिहिलेली होती व पावत्या टाचणीने जोडलेल्या होत्या.

नेतृत्व म्हणतात ते याहून वेगळे काय असते? कंपन्या त्यासाठी कार्यशाळा भरवतात, त्यांचाही उपयोग असेल. परंतु चारचौघांत स्वतःची चूक मान्य करणे, काम माणसाच्या नावाने सोपवणे आणि हिशेब न मागता देणे या गोष्टी प्रत्यक्ष जबाबदारी पडल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. आमच्या पिढीला हे वळण गणेशोत्सव मंडळात लागले. वर्गणीचे पावतीपुस्तक हातात आले की स्थळप्रतींची आणि रोकड रकमेची बेरीज जुळेपर्यंत खजिनदार घरी जाऊ देत नसत.

इतिवृत्ताचेच उदाहरण घ्यावे. "टाकी साफ करण्याचे ठरले" असे लिहिलेला ठराव पुढच्या सभेतही तसाच पडून असतो. तेच काम कोणी, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती खर्चात करायचे हे लिहिले की ते बहुधा होते. हा फरक मला कळायला चार वर्षे लागली. समितीची बैठक दरमहा होते. तीत इतिवृत्त लिहिण्याचे काम आळीपाळीने दिले, तर वर्षभरात तो बारा जणांना कळेल. थकबाकीदाराशी त्याचा मान राखून बोलणे किंवा गळतीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे हे याहून अवघड आहे, पण तेही सोबत नेल्यानेच शिकवता येते.

तीच मुलगी परवाच्या सभेत मागे उभी होती, कारण सदनिका वडिलांच्या नावावर आहे आणि "सभासद नाही, मग बोलायचे कसे?" असे तिला वाटत होते. वास्तविक २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले, त्यात सभासदाच्या लेखी संमतीने मुलगा, मुलगी, सून, जावई अशा नातलगांना सहयोगी सभासद, म्हणजे सभासदाच्या वतीने त्याचे हक्क बजावू शकणारा सभासद, करून घेण्याची सोय आहे. त्यासाठी भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव असण्याची गरज नाही. ही तरतूद बहुतेक घरांत माहीत नाही आणि आम्ही पदाधिकाऱ्यांनी ती कधी आवर्जून सांगितलीही नाही. ही आमची चूक आहे.

सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की सभेच्या नोटिशीसोबत या तरतुदीची माहिती द्यावी आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याने तिशीच्या आतील एकाला वर्षभर सोबत घ्यावे. त्याच्या हातून एखादे कोटेशन महाग स्वीकारले जाईल किंवा एखादे पत्र उशिरा जाईल, तेवढे आपण सोसले पाहिजे. आपल्याही चुका सभासदांनी सोसल्याच आहेत. संस्था गृहनिर्माण महासंघाकडे दर वर्षी शिक्षण निधी भरतात. त्यातून होणारी प्रशिक्षणे केवळ पदाधिकाऱ्यांपुरती न ठेवता सभासदांच्या घरातील तरुणांनाही खुली करावीत आणि नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून ती रविवारी ठेवावीत.

मी या वेळी निवडणुकीस उभा राहणार नाही, मात्र नव्या सचिवासोबत सहा महिने बसेन, असे सभेत सांगितले आहे. तिसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांनी सहयोगी सभासदत्वासाठी संमतिपत्र आणि तिचा अर्ज आणून दिला. पंपाच्या खोलीच्या किल्लीच्या तीन प्रती मी करून घेतल्या असून त्यांतील एक तिच्याकडे दिली आहे.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)