मोहिमेआधी वस्तीवर बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य खात्याच्या अतिसारविरोधी मोहिमेची लगबग सुरू होते. तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून मी अशा मोहिमा राबवल्या. त्यातली एक अजून मनाला लागून आहे.

त्या वर्षी आमच्या उपकेंद्राच्या एका वस्तीवर जुलाबाची साथ आली. वरून आलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही शाळेत हात धुण्याचं प्रात्यक्षिक घेतलं. शाळेच्या नळाला पाणी नव्हतं, शेजारच्या घरून बादली आणली. पोरांनी बोटांच्या बेचक्यात साबण चोळला, फोटो निघाले, अहवाल गेला. रुग्ण मात्र येतच राहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमची आशाताई बायकांबरोबर ओट्यावर बसली, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाई, व्हॉल्वच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतंय. नळ सुटला की पहिला हंडा आम्ही ओतूनच देतो, वास येतो त्याला."

जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर, नेमाने टाकत होता. टाकीजवळच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायची चाचणी, केली की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या नळावर ती कुणी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली, तर पाण्याला रंगच चढला नाही. ग्रामपंचायतीच्या माणसांनी खड्डा उपसला, गळती काढली, गटार वळवलं, आणि आठवडाभरात नवे रुग्ण थांबले. वस्तीतल्या प्रत्येक बाईला जे माहीत होतं, ते आमच्यापर्यंत यायला चार दिवस लागले. चूक आमची होती.

आपल्याच राज्यात हे आधी करून दाखवलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले, तेव्हा दुष्काळाच्या त्या दिवसांत लोकांची पहिली निकड पाणी आणि अन्नाची होती. तिथून त्यांनी सुरुवात केली. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारून तो बांधला.

मोहिमेत वाटप होतं, पण बोलणं होत नाही. झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की आई तिसऱ्या दिवशी बंद करते, कारण पुढचे दोन-तीन महिने बाळाला पुन्हा त्रास होऊ नये म्हणून त्या आहेत, हे तिला कुणी निवांत सांगितलेलंच नसतं. एका सासूबाईंनी उरलेल्या गोळ्या दुसऱ्या नातवासाठी डब्यात जपून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष कसा द्यायचा? आशाताईच्या हातात एका दिवसात पूर्ण करायची घरांची यादी असते.

माझी विनंती एवढीच, की मोहिमेच्या महिनाभर आधी प्रत्येक वस्तीवर बायकांच्या सवडीने, म्हणजे स्वयंपाक उरकल्यावर, एक बैठक घ्यावी. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी कशावर खर्चायचा, ते त्या बैठकीत ठरावं. बॅनरचा नंबर सगळ्यात शेवटी लागावा. आणि अहवालात फोटोंच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: वस्तीच्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट, तारखेसह.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सोलापूर