पुराची जोखीम: मध्यम

मा. मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

परवा ग्रामपंचायतीत आमच्या गावाचा 'हवामान कृती आराखडा' येऊन पडला. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि मुखपृष्ठावर आम्हीच, शिवारफेरीत नदीकडे हात करून उभे. आत तक्ता आहे. दुष्काळाची जोखीम तीव्र, उष्णतेची तीव्र, पुराची मध्यम. त्याखाली ठळक अक्षरात 'लोकसहभाग 100 टक्के'.

आपल्यामागे व्याप मोठा, म्हणून आठवण करून देतो. गाव माढा तालुक्यात, सीनेच्या काठावर. सप्टेंबर 2025 मध्ये नदी गावात आली. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. चारा छावण्या बघत आम्ही मोठे झालो. पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला तेव्हा कुठे कॅमेऱ्यांना सीना दिसली. तोवर आमच्या मारुतीच्या खांद्याला पाणी लागलं होतं. हे मध्यम असेल तर तीव्र काय असतं तेही आराखड्यात छापायला हवं होतं.

पूर ओसरल्यावर साहेबलोक आले. कुठल्या खात्याचे आणि कुठल्या संस्थेचे ते लिहीत नाही, लिहून कुणाचं काही होत नाही. ग्रामसभेत त्यांनी शब्द दिला की या वेळी आराखडा मुंबईत बसून होणार नाही, गावच करणार. आम्ही भाबडे. म्हातारी माणसं काठ्या टेकत शिवारफेरीला आली. बायकांनी रांगोळीने चौकात नदी काढली, ओढे काढले, पाणी कुठून शिरलं ते दाखवलं. आणि सगळ्यांनी एकच गोष्ट परत परत सांगितली, बंधाऱ्याची. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात काढून ठेवायची असतात, ती निघालीच नव्हती. वरून झाडं, कडबा, पत्रे वाहत आले आणि दारांना अडकले. पाण्याला पुढे वाट राहिली नाही, तेव्हा त्याने बंधाऱ्याच्या बगलेतून, म्हणजे आमच्या रानातून, नवी वाट काढली. हे समजायला उपग्रह लागत नाही.

आम्ही मागितलं ते एवढंच. दारं कधी काढायची हे गावाला सांगा, नाहीतर ती काढायचं काम गावाकडे द्या. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवा. शाळेच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण रंगवा. आराखड्यात यातलं काय आहे? बंधाऱ्याचं नावसुद्धा नाही. आहे ते असं: वृक्षलागवड, शेततळी, जनजागृती फेरी आणि हरित शपथ. ग्रामसभेच्या हजेरीपटावर आम्ही सह्या केल्या, त्याच शेवटी 'ग्रामस्थांची संमती' म्हणून जोडल्या आहेत. माझी सही त्यात अकरावी.

आता माझं ऐका. तीन एकर रान, त्यातलं दोन एकर खरडून गेलं. खरडून गेलं म्हणजे पीक गेलं असं नव्हे. पीक तर गेलंच, खालची काळी मातीही गेली आणि पांढरा मुरूम उघडा पडला. त्यात कुसळसुद्धा उगवत नाही. एका एकरात गुडघाभर माती भरायची तर तीन-साडेतीनशे टिपर लागतात. सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख. एकरी 19,000 पडले. आमच्याकडच्या भावाने दहा टिपर येतात. उरलेली माती रोजगार हमीतून, हेक्टरी 3 लाखांपर्यंत. ती फाईल कुठे आहे ते तिलाच माहीत. दोन म्हशी दावणीला होत्या, अंधारात दावं सोडवता आलं नाही. एक गोठ्यातच सापडली, तिचे पैसे मिळाले. दुसरी वाहून गेली, तेव्हा 'जनावर प्रत्यक्ष आढळून आले नाही' असा शेरा पडला. मेलेली म्हैस पंचनाम्याला हजर राहिली नाही, हा तिचाच दोष.

पीकविम्याचं तर नावच काढू नका. एक रुपयात विमा होता तेव्हा घोटाळे झाले म्हणे. घोटाळे करणारे बोगस अर्जवाले, पण 2025 च्या खरिपापासून शिक्षा आम्हाला: हप्ता वाढला आणि रानात पाणी शिरण्यासारख्या स्थानिक आपत्तीची भरपाई योजनेतून काढून टाकली. त्याच खरिपात नदी आली. मुहूर्त चांगला काढलात.

बाहेर आपल्या सरकारांचा थाट काय वर्णावा. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या वेळी महाराष्ट्राला नेतृत्वाचं बक्षीस मिळालं. 43 शहरं 'रेस टू झीरो'मध्ये, म्हणजे कर्बाचा धूर शून्यावर आणायच्या शर्यतीत, धावायला निघाली. आमचं रान ही शर्यत जिंकून बसलंय, शून्य. 'माझी वसुंधरा' या आपल्या अभियानात गावांना पंचमहाभूतांवर गुण देता. त्यातली भूमी आम्ही गमावली आणि जल घरात येऊन गेलं, याचे किती गुण?

भारत प्रत्येक जागतिक परिषदेत श्रीमंत देशांना ठणकावतो: धूर तुम्ही केला, नुकसान आम्ही का सोसायचं? बरोबर आहे. माणशी आपला कर्बाचा धूर वर्षाला दोन टन, अमेरिकेचा त्याच्या सातपट. मग हाच सवाल मी सोलापूर जिल्ह्यात विचारला तर मी विकासविरोधी कसा? माझ्याकडे एक मोटारसायकल आणि पाच एचपीची मोटर, तीही रात्रीच्या विजेवर. जिल्ह्यात तीसाच्या वर साखर कारखाने, 1,320 मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प, त्यालाही पाणी उजनी धरणाचंच. त्यांच्या बैठका वातानुकूलित दालनात होतात, तिथे रांगोळीने नदी काढायला कुणी सांगत नाही. सहभाग फक्त गरिबाकडून घ्यायचा असतो, श्रमदान आणि अंगठ्याच्या रूपात. नदी कुणी अडवायची, पाणी कुणी सोडायचं, कारखान्याला किती द्यायचं, ते आधीच ठरलेलं असतं. पक्ष कुठलाही असो, ठरवणारे तेच.

म्हणून कळवतो. येत्या ग्रामसभेत हा आराखडा नामंजूर करण्याचा ठराव मी मांडणार आहे. मंजूर होईल की नाही सांगत नाही, सरपंच आपल्याच युतीचे आहेत. पावसाळ्याआधी बंधाऱ्याची दारं निघाली नाहीत तर आम्ही स्वतः काढू, मग सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा खुशाल दाखल करा. त्या पंचनाम्याला मी हजर असेन.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी

ता. क. उत्तर धाडायचं झालंच, तर 'आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे सोडून काहीही चालेल.