नकाशा छापता, तर रंगांची सूचीही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बेळगाव जिल्ह्याचा उपग्रहावरून केलेला जमिनीचा नकाशा आला. नकाशा देखणा आहे, पण कोणता रंग कशाचा याचा पत्ताच नाही. दुसऱ्याच दिवशी येळ्ळूरचे ओळखीचे एक काका कात्रण घेऊन दारात हजर. "बाई, आमच्या शिवारावर गुलाबी मारलंय. जमीन जाणार काय?" हलगा-मच्छे बायपाससाठी शेतजमिनी घेतल्या, ते सगळं बघितलेल्या माणसाला रंगवलेला नकाशा दिसला की धास्ती वाटणारच.

मी खानापूर तालुक्यात भूगोल शिकवते, मुलांना क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत नकाशे उघडून दाखवते. गुलाबी बघूनच ओळखलं, हा युरोपीय अंतराळ संस्थेचा वर्ल्डकव्हर नावाचा नकाशा, कुठल्या जमिनीवर काय आहे ते दाखवणारा. त्यात गुलाबी म्हणजे पिकाखालची जमीन. चिकोडी-रायबागकडे ऊस, येळ्ळूरला भात, म्हणून तो सगळा पट्टा गुलाबी.

मुळात त्या फाइलीत प्रत्येक चौकटीत रंग नसतो, आकडा असतो. चौकट दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. १० झाडं, ४० पीक, ५० बांधकाम, ८० कायमचं पाणी. कुठल्या आकड्याला कुठला रंग, ही यादी वेगळी जोडलेली असते. काकांना समोर बसवून त्यांच्या शेतावर क्लिक केलं, ४० आला. पडद्यावरचा रंग तांबडा, हिरवा, निळा यांच्या मिश्रणातून होतो; यादीत ४० पुढे तांबडा २४०, हिरवा १५०, निळा २५५. झाला गुलाबी. "मग शेताला हिरवाच द्यायचा की!" काका म्हणाले. म्हणणं रास्त आहे, पण गडद हिरवा झाडांनी आधीच घेतलाय. त्या १० मध्ये काजूच्या बागाही येतात, तेव्हा खानापूरकडचं सगळं हिरवं जंगलच, असंही कुणी धरू नये.

नकाशाचं जेपीईजी, म्हणजे साधं चित्र, करून पानात बसवलं की रंग एकमेकांत मिसळतात. गुलाबी शेत आणि लाल घरं यांच्या कडेला ना गुलाबी ना लाल असा तिसराच रंग उमटतो, तो यादीत शोधून सापडत नाही. मूळ फाइल लहान-मोठी करताना आकड्यांची सरासरी काढली तर आणखी पंचाईत. पीक ४०, पाणी ८०, मधला ६०. आणि ६० म्हणजे उघडी जमीन! राकसकोप जलाशयाच्या काठाला नसलेलं माळरान उगवायचं. अशा नकाशाला 'निअरेस्ट नेबर'च लावायला हवं, म्हणजे शेजारच्या चौकटीचा आकडा जसाच्या तसा येतो.

पावसाच्या नकाशात तर रंग कमाल-किमान आकड्यांवर ताणलेले असतात, म्हणजे सगळ्यात कमी पावसाला फिकट, सगळ्यात जास्त पावसाला गडद. रोज नवी कमाल धरली तर आजचा गडद निळा आणि कालचा गडद निळा सारखा पाऊस दाखवत नाहीत. धो धो पावसाची कणकुंबी आणि कोरडी अथणी एकाच जिल्ह्यात असताना तरी मोजपट्टी कायम एकच ठेवावी.

तेव्हा विनंती एवढीच: नकाशाखाली रंगांची सूची, नकाशा कुणाचा आणि कुठल्या सालचा, हे छापत जा. वर्ल्डकव्हर २०२० आणि २०२१ चा आहे, त्यानंतर बांधलेलं घर त्यात दिसणार नाही. जागा कमी पडत असेल तर नकाशा दोन बोटं लहान करा, सूची कापू नका.

आपली,
एक भूगोल शिक्षिका
वडगाव, बेळगाव